कॉलीन हूव्हरचा दुसरा भाग: माझा तरी हिरमोड झाला

पानगळ:
अमेरिकन लेखिका हूव्हरची 'इट एंड्स विथ अस' (२०१६) ही कादंबरी मी एका रात्रीत संपवली होती. ओव्हनमधून भांडं काढताना राइलचा, म्हणजे नायिका लिलीच्या प्रियकराचा (पुढे नवऱ्याचा), हात भाजतो, लिलीला हसू फुटतं, आणि पुढच्या क्षणी ती जमिनीवर पडलेली असते. तिथे मी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठले. तोवर राइल मलाही आवडायला लागला होता ना! बाळंतपणानंतर, लेक त्याच्या हातात असताना लिली त्याला विचारते की उद्या हीच मोठी होऊन म्हणाली, 'नवरा मला मारतो', तर तू हिला काय सांगशील? अजून अंगावर काटा येतो.

आणि २०२२चा 'इट स्टार्ट्स विथ अस'? लिलीचं किशोरवयातलं प्रेम असलेला अ‍ॅटलस गुणी, प्रेमळ, हॉटेल चालवणारा, धाकट्या भावाला पदराखाली घेणारा. त्याच्यात एक खोट सापडेल तर शपथ. शेवटी लग्न. लिली एकटीच्या हिमतीवर बाहेर पडली होती, तिला हे बक्षीस कशाला हवं होतं?

सायली_ठाणे:
अजिबात पटलं नाही. पहिल्या भागाच्या शेवटीच अ‍ॅटलस तिला रस्त्यात भेटतो, तो काही नंतर चिकटवलेला नाही. आणि घटस्फोट झाला म्हणजे सुटली, असं वाटतं का तुम्हाला? माझी मावसबहीण दर रविवारी लेकीला तिच्या बाबांकडे सोडते. संध्याकाळी लेक परत येईपर्यंत तिच्या हातातला फोन सुटत नाही. लिलीचं तेच होतं. मुलीच्या नावातलं 'डोरी' अ‍ॅटलसच्या आठवणीतून आलंय, हे कळल्यावर राइल पुन्हा भडकतो. मग ती त्याला रागावरचे उपचार घ्यायला सांगते, मुलीला भेटायचं तर दुसरं कुणी हजर हवं म्हणते. रोमान्समध्ये इतकं कोण लिहितं? मारणारा नवरा गेला तरी मुलीचा बाप उरतो. मला तर हाच भाग जास्त खरा वाटला.

जुना_वाचक:
पानगळ यांच्याशी सहमत. पहिलं पुस्तक लेखिकेने स्वतःच्या आईच्या अनुभवावरून लिहिलं, दुसरं वाचकांच्या आग्रहावरून. पुढचा भाग काढायचा विचार नव्हता, हे तिनेच सांगितलंय. तो फरक पानापानांत दिसतो. अर्धं कथन अ‍ॅटलसच्या तोंडी देऊनही त्याच्या मनात काही कालवाकालव होत नाही.

सायली_ठाणे:
धाकटा भाऊ जॉश आहे ना! ज्या आईने आपल्याला घराबाहेर काढलं, तिच्याच दुसऱ्या मुलाला अ‍ॅटलस घरात घेतो. ही कालवाकालव नाही तर काय? आणि वाचकांनी मागितलं म्हणून लिहिलं, यात वाईट काय? मार खाल्लेल्या बाईला चांगला माणूस मिळालेला बघावासा वाटणं ही काही हलकी मागणी नाही.

पानगळ:
सायली, तुमच्या बहिणीचं वाचून काल तो 'डोरी'चा प्रसंग पुन्हा काढून वाचला. पहिल्या वेळी मी तो भरभर उलटला होता, हे कबूल. लिली तिथे दाराकडे बघते, ते मला दिसलंच नव्हतं. पण मग माझी तक्रार उलट वाढलीच. ही भीती लिहिता येत होती तर पुस्तकभर तीच का नाही लिहिली? राइल भडकला की मी श्वास रोखून धरते, आणि पान उलटलं की पुन्हा अ‍ॅटलसचा गोड मेसेज. लग्नाचं प्रकरण मी अजूनही वाचणार नाही. जॉशची पानं मात्र आज रात्री पुन्हा वाचते.