सुटलेल्या कैद्यांचं पुनर्वसन केंद्र दुकानांलगत: परवानगीच्या सुनावणीत काय मागावं?

प्रश्न: दुकानांच्या रांगेत निवासी केंद्र प्रस्तावित आहे. नुसता विरोध नको. नेमकं काय विचारावं?

उत्तर १: ‘सुरक्षित आहे का?’ विचारलंत तर ‘हो’ एवढंच मिळेल. खाटा किती, रात्री जागे कर्मचारी किती, कुणी वेळेत परतलं नाही तर किती मिनिटांत कुणाला कळवणार, हे विचारा. उत्तरं परवानगीच्या अटींतच लिहून घ्या. तोंडी आश्वासन चालक संस्था बदलली की संपतं.

उत्तर २: त्रास बहुधा दारापाशी होतो. केंद्रात हजेरी लावायची वेळ सगळ्यांची एकच आणि आत बसायला जागा नाही, म्हणजे सगळे फुटपाथवर. गिऱ्हाईक वळसा घालतं, दोष मात्र त्या माणसांवर येतो. चूक इमारतीच्या नकाशाची असते! प्रवेश दुकानांच्या विरुद्ध बाजूने, बसायची खोली आत, हजेरी टप्प्याटप्प्याने, धूम्रपानाची जागा मागे. नकाशा मंजूर होण्याआधीच हे मागा.

उत्तर ३: या भागातल्या मागच्या १२ महिन्यांच्या पोलीस तक्रारींचे आकडे आत्ताच मिळवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? आणि ‘वस्तीबाहेर हलवा’ म्हणू नका. तिथे बस नसली की नोकरी टिकत नाही, हजेरी चुकते. सशर्त सुटका असेल तर तेवढ्यावरून पुन्हा तुरुंगात जावं लागू शकतं.

प्रश्नकर्ता: आभार. नकाशाची प्रत उद्याच मागतो.