मदत हवी आहे: रूनस्केपमध्ये बॉण्ड घेऊन व्हिप घ्यावा का?

मंडळी, ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम खेळणारं कुणी आहे का इथे? परवा माझी अटॅकची लेव्हल 70 झाली. आता अ‍ॅबिसल व्हिप हे शस्त्र हातात घेता येईल, पण गेममधल्या बँकेत तेवढी नाणी नाहीत. रात्री जेवणं आटोपल्यावर जेमतेम तासभर खेळायला मिळतो.

मित्र म्हणतो, खऱ्या पैशांनी एक बॉण्ड (गेमची कंपनीच विकते ती वस्तू) विकत घे, ग्रँड एक्सचेंजवर म्हणजे गेममधल्या बाजारात विक, व्हिप लगेच येईल. बॉण्ड हा अधिकृत मार्ग आहे, त्याची भीती नाही. बाहेरच्या विक्रेत्याकडून सोनं (गेमची नाणी) मात्र मी घेणार नाही. एक तर ते नियमाबाहेर, खातं बंद होऊ शकतं. शिवाय माझ्या मावसभावाने एकाला आगाऊ पैसे पाठवले आणि तो माणूस गायब झाला.

माझी अडचण वेगळीच आहे. ड्रॅगन डिफेंडर (दुसऱ्या हातात धरायची ढालीसारखी वस्तू) विकत मिळतच नाही, तो गेममधल्या वॉरियर्स गिल्ड या ठिकाणी सायक्लॉप्स नावाचे राक्षस मारूनच मिळवावा लागतो. गिल्डमध्येच कमावलेले 100 टोकन असल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि मिनिटाला 10 टोकन जातात. काल अ‍ॅडमंट डिफेंडर (ड्रॅगनच्या आधीची एक पायरी) पडला, खूप आनंद झाला, आणि पुढच्या दोनच मिनिटांत टोकन संपले!

मग हे काम सध्याच्या ड्रॅगन सिमिटर या तलवारीवरच उरकू, की आधी व्हिप घेऊ? व्हिपने खरंच किती फरक पडतो? खिशातले पैसे घालायचे आहेत, म्हणून ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.