पॉलिमर क्लेचा प्राजक्त: पाकळ्या मोडतायत, क्ले बदलू का?

रानफूल
मैत्रिणीच्या हळदीसाठी पॉलिमर क्लेचे प्राजक्ताचे कानातले करायला घेतलेत. दिसतात छान पण हुक लावताना जरा दाब पडला की पाकळी कट्कन मोडते, आणि जाड केली की प्राजक्त राहत नाही, सरळ तगर दिसते 😀 ओटीजीत (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) १३० अंशांवर १५ मिनिटं ठेवते, पाकिटावर आहे तसंच. वर पांढरा रंग पिवळट पडतो तो वेगळाच ताप. दुकानदार म्हणतो दुसऱ्या कंपनीची घ्या, ती दुप्पट महाग आहे. घेऊ का? की वरून नेलपॉलिशचा हात मारला तर मजबूत होतील?

चिखलपाय
थांब, पैसे घालवू नकोस. मोडतंय म्हणजे कच्चं राहिलंय. पॉलिमर क्ले ही माती नाहीच मुळात, पीव्हीसीची पूड आणि ती मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर, उष्णतेने ते कण एकमेकांत विरघळून एकजीव झाले तरच ताकद येते. नीट भाजलेली पातळ पाकळी गार झाल्यावर थोडी वाकते आणि परत सरळ होते.

आता तू म्हणशील कच्चं आहे तर पिवळं कसं पडलं. ओटीजीच्या बटणावर १३० असलं तरी आत १३०च असेल असं नाही, रॉड लाल होतो तेव्हा वरून थेट झळ बसते आणि खाली ज्या टाइलवर फुलं ठेवायची ती अजून कोमटच. म्हणून आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घे, टाइलसकट ओव्हन आधी तापव, फुलांवर अल्युमिनियम फॉइलचा तंबू कर (फुलांना टेकू न देता) आणि अर्धा तास ठेव. तापमान बरोबर असेल तर जास्त वेळाने काही बिघडत नाही. वेळ वाढव, आच नको, क्ले जळली तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. खिडकी उघडी ठेव.

आधीचे अख्खे राहिलेले पण परत भाज, चालतं.

बकुळवेडी
नेलपॉलिश अजिबात नको!! काही दिवसांनी चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. रेझिनचा पातळ थर चालतो पण प्राजक्त चकचकीत कशाला करायचा, ते फूल मॅटच छान.

माझं म्हणणं असं की हुक पाकळीच्या जवळपास फिरकायलाच नको. प्राजक्ताला देवाने केशरी देठ दिलाय त्याचा उपयोग कर, भाजायच्या आधी देठातून आय पिन (एका टोकाला कडी असलेली तारेची पिन) आरपार घाल, टोक मधोमध येतं तिथे केशरी क्लेचा ठिपका दे, पिन दिसतच नाही. कडी देठाच्या टोकाला, त्यामुळे फूल उलटं लोंबतं, झाडावरून गळताना दिसतं तसं. पाकळ्या ५ ते ८ कितीही असतात, सगळ्या फुलांना मोजून पाचच नको करूस, साच्यातून काढल्यासारखं वाटतं. टोकाला सुईने खाच पाड आणि सगळ्या एकाच दिशेला किंचित पीळ दे, भिंगरीसारख्या. देठाकडे जाड आणि कडेला पातळ ठेवलीस की तगर होणार नाही.

आणि पांढरं काम आधी उरकून मग केशरीला हात लाव. मधे मधे वेट वाइपने हात पुसत राहा, पांढरी क्ले कपड्याचा प्रत्येक तंतू पकडते.

रानफूल
देठातून पिन!! हे सुचलंच नव्हतं. घरात मायक्रोवेव्ह पण आहे, त्यात लवकर होईल का?

चिखलपाय
मायक्रोवेव्ह मोडवर नाही. कन्व्हेक्शन मोड (गरम हवेने भाजणारा) असेल तर चालेल, थर्मामीटर तिथेही लागेलच. आणि जी टाइल क्लेला वापरशील ती परत खाण्याच्या कामाला नको.

बकुळवेडी
उरलेली क्ले बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेव, साध्या कागदात ठेवलीस तर तेलकट डाग पडतो आणि क्ले कोरडी होऊन भुरभुरते. हुक सर्जिकल स्टीलचे घे, हळदीत घामाने कान चिघळले तर नवरी तुझंच नाव घेईल 😄

रानफूल
थर्मामीटर मागवला. आल्यावर आधी नुसत्या पाकळ्या भाजून वाकवून बघते, मग फोटो टाकते.