मदत हवी आहे : सांगलीत ऐंशी जणांसाठी नवे कार्यालय बांधायचे आहे, काच, जागा आणि बसण्याची रचना यांबाबत सल्ला हवा

नमस्कार,

आमची कंपनी बेदाणा, हळद आणि गुळाच्या अडत व्यापाऱ्यांसाठी, तसेच शीतगृहांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करते. सध्या आम्ही बेचाळीस जण विश्रामबागेत भाड्याच्या दोन मजल्यांवर बसतो. पुढच्या तीन-चार वर्षांत ही संख्या ऐंशीच्या घरात जाईल असा अंदाज असल्यामुळे मालकांनी स्वतःची इमारत बांधायचे ठरवले आहे. प्रशासनाचे काम माझ्याकडे असल्याने, वास्तुरचनाकाराकडे जाण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे याचे टिपण मला तयार करायचे आहे. येथे स्थापत्य, वीज आणि मनुष्यबळ या क्षेत्रांतील जाणकार असल्यामुळे हा धागा काढत आहे.

आधी सध्याची स्थिती सांगते. आमच्या हॉलची लांब बाजू पश्चिमेला असून तिला सलग सरकत्या काचा आहेत. मार्चपासून दुपारी तीननंतर ऊन थेट टेबलांवर येते, म्हणून काचांना आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने लावलेली आहेत आणि त्यामुळे भर दुपारी सगळ्या ट्यूबलाइट चालू ठेवाव्या लागतात. एसीच्या झोताखाली बसणाऱ्या मुली स्वेटर घालून काम करतात, तर खिडकीजवळचे सहकारी घाम पुसत असतात, आणि रिमोट कोणाकडे असावा यावरून आठवड्यातून एकदा तरी कुरबूर होते. ग्राहकांचे फोन घेणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे एकाच हॉलमध्ये बसत असल्याने, मार्चअखेरीस हिशेब बंद करण्याच्या दिवसांत शांतपणे विचार करण्याचे काम रात्री घरी जाऊन करावे लागते. जेवायला वेगळी जागा नसल्याने डबे टेबलावरच उघडले जातात. स्त्रियांसाठी एकच स्वच्छतागृह आहे आणि तेही जिन्याच्या वळणावर, दोन मजल्यांना मिळून.

वालचंद महाविद्यालयातून आणि आसपासच्या इतर महाविद्यालयांतून आम्हाला चांगली मुले मिळतात, पण दोन वर्षांत ती पुण्याला जातात. पुण्याच्या पगाराशी आम्ही स्पर्धा करू शकत नाही. मात्र घरच्या जवळ राहायची इच्छा असलेलेही बरेच असतात आणि त्यांनी येथे टिकावे असे वाटत असेल तर दिवसाचे नऊ तास ज्या जागेत काढायचे ती जागा तरी सुसह्य असली पाहिजे, असे माझे मत आहे. मालकांचा याला विरोध नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र पुण्यातल्या आयटी पार्कसारखा पूर्ण काचेचा दर्शनी भाग आहे, आणि त्यावर ‘पर्यावरणपूरक इमारत’ अशी पाटी.

माझे प्रश्न असे आहेत. काचेच्या दर्शनी भागाला सांगलीच्या हवामानात काही अर्थ आहे का, आणि नसेल तर ते मालकांना पटेल अशा भाषेत कसे सांगावे? दुसरा प्रश्न जागेचा आहे. एक जागा विश्रामबाग–मिरज रस्त्यालगत बारा गुंठ्यांची आहे. दुसरी मिरजेच्या पुढे पंढरपूर रस्त्यावर, साधारण तेवढ्याच किमतीत जवळजवळ एक एकर. मोठ्या जागेत झाडे, बाग, सौरऊर्जा, प्रशस्त वाहनतळ असे सगळे बसते, म्हणून मालकांचा कल तिकडे आहे. पहिल्या जागेवर २०१९ च्या महापुरात पाणी आले नव्हते असे शेजारी सांगतात. परंतु कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी असताना त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, त्यामुळे केवळ शेजाऱ्यांच्या सांगण्यावर अवलंबून राहावे असे वाटत नाही. तिसरे म्हणजे, सर्वांना एकाच मोकळ्या हॉलमध्ये बसवावे की खोल्या पाडाव्यात? आणि पावसाचे पाणी साठवण्याचा खर्च आपल्याकडच्या पावसात वसूल होतो का?

प्रत्यक्ष बांधकाम केलेल्यांचे किंवा अशा इमारतीत काम करणाऱ्यांचे अनुभव विशेष उपयोगी पडतील.

प्रतिसाद – मिरजकर स्थापत्य

ताई, टिपण करायला घेतलेत हे उत्तम झाले. बहुतेक मालक थेट दर्शनी भागाचे चित्र घेऊन येतात.

काचेविषयी सांगायचे तर दिशा ठरल्याशिवाय ‘काच हवी की नको’ हा प्रश्नच सुटत नाही. सांगली साधारण पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा घातला तर मार्च ते सप्टेंबर या काळात दुपारचे ऊन सहा फुटांच्या खिडकीतून आत येत नाही आणि डिसेंबरमध्ये मात्र खिडकीच्या खालच्या भागातून हवेहवेसे ऊन येते. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि तेथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही लहानसा छज्जा हवाच. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे, खालून येते. त्याला कोणताही छज्जा पुरा पडत नाही. तेव्हा इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे बसायच्या बाजू उत्तर-दक्षिण होतील. पश्चिमेला जिना, स्वच्छतागृहे, भांडारखोली आणि सर्व्हरची खोली टाका. मालकांना काच हवीच असेल तर उत्तरेला मनसोक्त द्या. पाहुण्यांना ती दिसेल आणि विजेचे बिलही त्यांच्या अंगावर येणार नाही. हे पटवायला उन्हाचे गणित सांगू नका. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्यांना तुमच्या वर्तमानपत्रे लावलेल्या खिडकीशेजारी एक तास बसायला सांगा.

थंडाव्यासाठी एसीच्या आधी पंख्याचा विचार करा. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास वीज खातो, तर बीएलडीसी पंखा तीसच्या आत. पंखे चालू असतील तर एसी अठ्ठावीसवर ठेवूनही बरे वाटते आणि रिमोटची भांडणे निम्मी होतात. छतावर पांढरा उष्णतारोधक थर आणि पश्चिमेच्या भिंतीला पोकळ दुहेरी वीटकाम, एवढ्यानेच वरच्या मजल्याचा त्रास बराच कमी होतो.

पावसाचे गणित करून पाहू. छत अडीचशे चौरस मीटर धरले, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर, आणि पाचातला एक भाग वाया गेला, तर एक लाख लिटर पाणी मिळते. कार्यालयात माणशी रोज ४५ लिटर लागते असे धरतात. ऐंशी जणांना रोज ३,६०० लिटर, म्हणजे जेमतेम महिनाभराची गरज. त्यामुळे मोठी टाकी बांधण्यापेक्षा पंधरा-वीस हजार लिटरची टाकी आणि उरलेले पाणी बोअरच्या पुनर्भरणाला सोडणे परवडते. पुराच्या दिवसांत नळाचे पाणी बंद होते तेव्हा ही लहान टाकीच उपयोगी पडते.

जागा ठरवण्याआधी पूररेषेच्या नकाशावर गट क्रमांक तपासून घ्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या पुराची. जागा रेषेबाहेर असली तरी विजेचे पॅनेल, बॅटऱ्या आणि जनित्र तळमजल्यावर ठेवू नका. आणि माती परीक्षण कराच. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पायाचा खर्च तीच ठरवते.

प्रतिसाद – विजेचा हिशेब

जागेच्या प्रश्नावर वेगळ्या अंगाने लिहितो. पंढरपूर रस्त्यावरची जागा आजच्यापेक्षा आठ किलोमीटर दूर पडते असे समजू. चाळीस जण दुचाकीने जाऊ-येऊ लागले तर रोज ६४० किलोमीटर जास्त. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर धरले तर रोज चौदा लिटर, आणि पंचवीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ३५५ लिटर पेट्रोल. एका लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे महिन्याला आठशे किलोंच्या वर. आता छतावर दहा किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर महिन्याला सुमारे १,२०० युनिट मिळतील आणि ग्रीडच्या विजेच्या हिशेबाने वाचणारा कार्बनही आठशे किलोंच्या आसपासच. थोडक्यात, लांबच्या जागेवर जाऊन सौर पॅनेल बसवले तर सगळी कमाई पेट्रोलमध्ये जाते आणि पेट्रोलचा खर्च कर्मचाऱ्यांच्या खिशातून होतो. सांगली–मिरज रस्त्यावर बस सतत असतात. पंढरपूर रस्त्याच्या बाजूला ती सोय नसेल तर कोणी बसने येणारच नाही.

बारा गुंठ्यांतही दहा किलोवॅट सहज बसते. त्याला शंभर चौरस मीटर छत पुरते. एक गोष्ट मालकांना आधीच सांगून ठेवा : २०२४ ची सूर्यघर योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे, कंपनीला ते अनुदान मिळत नाही. मात्र प्राप्तिकराच्या हिशेबात घसारा ४० टक्के दराने मिळतो, तो तुमच्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्या.

प्रतिसाद – जयसिंगपूरहून रोज

मी स्थापत्यातली नाही, पण अशा ‘मोकळ्या’ कार्यालयात काम केले आहे. मोकळा हॉल बांधायला स्वस्त पडतो, इतकेच. फोन घेणारा विभाग दाराने वेगळा करा. पडदी लावून भागत नाही, आवाज वरून येतोच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सहा-आठ जणांच्या खोल्या पुरेत. जेवणाची खोली स्वयंपाकाच्या ओट्यासह, वारा बसायच्या जागेकडून जिकडे वाहतो त्या बाजूला आणि बसायच्या जागेपासून दूर ठेवावी, नाहीतर लसणाच्या चटणीचा वास दिवसभर बैठकीत फिरतो. प्रत्येक मजल्यावर स्त्रियांची स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि एक लहान विश्रांतीची खोली हवी. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी झाले की पाळणाघराची सोय २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ती खोली नकाशातच दाखवा. नंतर भांडारखोलीला रंग देऊन पाळणाघर म्हणतात, ते पाहिले आहे.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पेट्रोलचा हिशेब आजच मालकांना दाखवला. त्यांनी तो स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि पंढरपूर रस्त्याच्या जागेचा व्यवहार तूर्त थांबवला आहे. काचेचा विषय मी एप्रिलपर्यंत काढणार नाही. माती परीक्षण आणि पूररेषेचा दाखला या आठवड्यात मागवत आहे.

मिरजकर, दोन गोष्टी आणखी सांगाव्यात. बारा गुंठ्यांत तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडला तर पाळणाघर पहिल्या मजल्यावर जाते. लहान मुलांच्या दृष्टीने ते चालेल, की वाहनतळाचा काही भाग कमी करून, जोते उंच घेऊन ते खालीच ठेवावे? आणि अडीच हजार चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी असलेल्या ‘स्वगृह’ या पर्यावरणपूरक इमारतींच्या मानांकनाचा अर्ज नकाशा मंजुरीच्या आधी करायचा असतो, की बांधकाम सुरू झाल्यावरही चालतो?