सिएनाहून एका दिवसात वाल दोर्चा, फक्त आम्ही दोघं. कसं जमवावं?

सह्याद्रीवेडी:
नमस्कार मंडळी, मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं इटलीला चाललोय. लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि मुलांना आजीकडे ठेवून फक्त दोघांनीच जायची ही पहिलीच वेळ. फ्लॉरेन्स, सिएना, रोम असं ठरलंय पण त्यात सगळी चर्चेस आणि म्युझियम्सच भरलीत, म्हणून सिएनाहून एक दिवस गाडी घेऊन वाल दोर्चाच्या खोऱ्यात जावं असं वाटतंय, त्या हिरव्या टेकड्या आणि सायप्रसच्या रांगा कित्येक वर्षं मनात आहेत. यादी केलीये: मोंतालचिनो, पिएन्झा, मोंतेपुल्चानो, बान्यो विन्योनी, सान क्विरिको आणि शेतातलं ते एकटं छोटं चॅपेल. नवरा म्हणतो एवढं सगळं धरलं तर दिवसभर रस्ताच बघू. तो शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. मला मात्र तिथल्या मातीतलं काहीतरी खायचंय आणि दोन तास एका टेबलावर निवांत बसून जेवायचंय, तो माझा हट्टच आहे. कुणी जाऊन आलंय का?

पाखरू_बोलोन्याचं:
ताई, नवऱ्याचं ऐका. मी नऊ वर्षं इटलीत आहे, त्या खोऱ्यात चारपाच वेळा गेलोय आणि पहिल्या वेळी तुमच्यासारखीच यादी घेऊन गेलो होतो, संध्याकाळी आठवलं ते फक्त पार्किंग. फक्त तीन ठिकाणं धरा: सान क्विरिको, पिएन्झा, बान्यो विन्योनी. सिएनाहून जुन्या कास्सिया रस्त्याने तासाभरात सान क्विरिको येतं, पुढे पिएन्झा जेमतेम दहा किलोमीटर, बान्यो विन्योनी पाचच.

आणि आदल्या दिवशी सिएनाच्या पालाझ्झो पुब्लिकोमध्ये, म्हणजे नगरभवनात, लोरेन्झेत्तीचं भित्तिचित्र नक्की बघा, चांगल्या राज्यकारभाराचं, 1338-39 मधलं. त्यात शहराच्या वेशीबाहेर नांगरलेली शेतं, द्राक्षाचे मळे, ओझं लादलेली गाढवं दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी गाडीतून बाहेर बघाल तेव्हा तेच चित्र समोर येतं, मला तर अंगावर काटा आला होता. हा देखावा आपोआप झालेला नाही, माणसांनी शतकानुशतकं राबून घडवलाय. जमीन मालकाची, राबणारं कुळ आणि पीक निम्मं निम्मं, आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच. 1964 च्या कायद्याने तसे नवे करार बंद झाले, त्या सुमारास माणसं शहरात निघून गेली होती, आणि टेकडीवरची जी दगडी घरं आज सुंदर दिसतात त्यातली कितीतरी तेव्हा ओस पडली होती.

पिएन्झाचं मूळ नाव कोर्सिन्यानो. तिथे जन्मलेला माणूस 1458 मध्ये पोप पायस दुसरा झाला आणि त्याने आपलं खेडं नव्याने बांधायला घेतलं, नावही त्याच्यावरून पडलं. गावात एक गल्ली प्रेमाची आणि एक चुंबनाची आहे, विया देल आमोरे आणि विया देल बाचो, अशा पाट्याच आहेत तिथे. तिथून तटावर या, खाली अख्खं खोरं आणि पलीकडे आमियाताचा डोंगर. मे मध्ये गहू हिरवा असतो आणि मध्येच खसखशीची लाल फुलं. तुमचा महिना एकदम बरोबर निवडलाय, ऑगस्टमध्ये गेलात तर नुसती नांगरलेली तपकिरी ढेकळं.

खवय्या_कोल्हापूरकर:
जेवणाचं मी सांगतो. पिची मागवा, पिची म्हणजे हाताने वळलेली जाड लांब शेवई, आपल्याकडे बायका वळवट वळतात ना तसंच तळहाताने पाटावर. बहुतेक ठिकाणी नुसतं पीठ आणि पाणी असतं, पण काही जण अंडं घालतात म्हणून "सेन्झा उओवा?" एवढं विचारून घ्या. त्यात पिची आल आल्योने, मोठ्या पाकळ्यांचा लसूण आणि टोमॅटोचा रस्सा, वहिनी मी दोन प्लेटा खाल्ल्या. शाकाहारी माणसाला तिथे उपाशी राहावं लागत नाही, फक्त रागू म्हटलं की मांस असतं.

पिएन्झाचं पेकोरिनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज. साठच्या दशकात सार्डिनियातले धनगर आपल्या मेंढ्या घेऊन ओस पडलेल्या जमिनींवर येऊन राहिले, त्यांचाही त्यात मोठा हात आहे. पण पक्का शाकाहारी असेल तर एक लक्षात ठेवा, हे चीज बहुतेक वेळा रेनेटने, म्हणजे जनावराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने लावतात. दुकानात "काल्यो वेजेताले" असं विचारा, वनस्पतीचं विरजण वापरलेलंही मिळतं. ब्रेड अळणी लागेल, बिघडलाय असं समजू नका, तिथे मीठ न घालताच करतात, खारट चीजसोबत खाल्ला की कळतं का ते. जेवण साडेबारा ते अडीच, त्यानंतर किचन बंद म्हणजे बंद, टेबल आधी बुक करा.

घाटरस्ता:
वरच्यांशी एका बाबतीत सहमत नाही, मोंतालचिनो सोडू नका हो. ब्रुनेल्लो वाइन तिथली, फक्त सान्जोव्हेजे द्राक्षाची, आणि द्राक्षं काढल्यावर पाचव्या वर्षी बाजारात येते. पण चालवणाऱ्याला घोटभरच चालेल, म्हणून एक बाटली रूमवर आणून उघडा.

गाडीचं महत्त्वाचं, आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट लागतंच. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगा. आणि गावांच्या आत झेडटीएल असतो, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग, लाल गोलाचा बोर्ड दिसला की आत शिरायचं नाही, कॅमेरा असतो. आम्ही एका गावात चुकून शिरलो आणि चार महिन्यांनी घरी दंडाचा कागद आला, फार मनस्ताप झाला. पांढऱ्या रेघांत पार्किंग फुकट, निळ्यात पैसे, पिवळ्यात लावूच नका.

पाखरू_बोलोन्याचं:
बान्यो विन्योनीचं राहिलं. गावाच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचा दगडी तलाव आहे. त्यात उतरायची बंदी आहे, पण तेच पाणी खाली डोंगराच्या कडेवरून वाहतं, तिथे जुन्या गिरण्यांचे अवशेष आहेत, दगडातल्या पाटात पाय सोडून बसता येतं. संध्याकाळी पाच-सहाला जा. मावळतीला साडेआठ उलटून जातात, त्यामुळे परतताना तुमच्या यादीतल्या त्या एकट्या, व्हितालेताच्या चॅपेलपर्यंत चालत जाऊन यायलाही उजेड पुरतो.

आणि अजून एक दिवस काढता आला तर शेजारच्या उंब्रियात मोंतोने गाव आहे, तिकडून दीड-पावणेदोन तास. नाईक यशवंत घाडगे, आपल्या माणगावकडचे, मराठा लाइट इन्फंट्री, 10 जुलै 1944 ला त्या भागात लढताना पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 मध्ये गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. रोमँटिक नाही म्हणता येणार, पण आपली माणसं इतक्या लांबच्या टेकड्यांत लढली हे तिथे उभं राहून फार वेगळं वाटतं.

सह्याद्रीवेडी:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला वाचून दाखवलं. मोंतेपुल्चानो आणि मोंतालचिनो काढले, बाटली सिएनातच घेऊ. आधी सान क्विरिको, पिएन्झात साडेबाराचं टेबल, मग तट, मग पाय पाण्यात. आणि माझे सासरे माणगावचेच, घाडग्यांचं नाव ऐकल्यावर त्यांनीच फोनवर सांगितलं की रोमचा एक दिवस कमी करा पण तिथे जाऊन या, फुलं ठेवा आमच्याकडूनही. तर आता मोंतोनेत रात्री राहायला कुणाला काही माहिती आहे का?