एमकॉम प्रोजेक्ट: ऑडिटिंगमध्ये नवीन काय घेऊ?

कॉमर्सवाली: एमकॉम पार्ट टू ला आहे, ऑडिटिंगवर प्रोजेक्ट करायचाय. सगळे सत्यम कंपनीचा घोटाळाच घेतात, मॅडम म्हणाल्या आत्ताचं काहीतरी आण. डेटा कुठून आणू तेच कळत नाहीये 😭

जुना_आर्टिकल: सत्यम सोडू नकोस गं, नुसती गोष्ट सांगू नकोस एवढंच. २००९ ला ५,००० कोटींच्या वर खोटी कॅश निघाली, मग २०१३ चा कंपनी कायदा आला, त्यात लिस्टेड नि ठरावीक मोठ्या कंपन्यांत एका ऑडिट फर्मला सलग जास्तीत जास्त १० वर्षं, मग ५ वर्षं गॅप, आणि २०१८ ला एनएफआरए, म्हणजे ऑडिटर्सवर नजर ठेवणारी सरकारी संस्था. त्यांच्या ऑर्डर्स साइटवर फुकट आहेत, वाच, कादंबरीपेक्षा भारी.

टॅलीवाला: मी म्हणेन केएएम (की ऑडिट मॅटर्स) घे. एसए ७०१ या ऑडिटच्या स्टँडर्डमुळे लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिट रिपोर्टमध्ये ऑडिटरला सगळ्यात महत्त्वाचे वाटलेले मुद्दे लिहावे लागतात. २०-२५ कंपन्यांचे ॲन्युअल रिपोर्ट डाउनलोड कर नि दरवर्षी तेच कॉपीपेस्ट होतंय का बघ. प्रश्नावली वाटत फिरू नकोस, सीए लोक मार्चनंतर फोनपण उचलत नाहीत.

कॉमर्सवाली: केएएम फायनल! बँका घेऊ का आयटी?

टॅलीवाला: बँका. एनपीएची (थकलेल्या कर्जांची) प्रोव्हिजनिंग, म्हणजे त्यासाठी बाजूला ठेवलेली तरतूद, जवळपास सगळीकडे दिसेल, तुलना सोपी.