एसटीत पॅनिक अटॅक आला तर? आणि पाहुण्यांना सांगायचं का?

खान्देशी_भाऊ: धाकट्या भावाला पॅनिक अटॅक (अचानक घबराटीचे झटके) येतात. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर सगळं नॉर्मल. मानसोपचार डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅम सुरू केली, तर धडधड उलट वाढली. बंद करू का म्हणतो. रोज जळगाव-धुळे एसटीने जातो. गाडीत अटॅक आला तर काय करायचं? आणि लग्नसराई आलीये, पाहुण्यांना सांगायचं की झाकायचं?

औषधवाला: गोळी परस्पर बंद करू नका. या गटातली औषधं पहिले एक-दोन आठवडे बेचैनी वाढवू शकतात, म्हणूनच ५ ने सुरुवात करून मग १० वर नेतात. फरक दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. त्रास सोसवेना, किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. (रात्री-बेरात्री टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.) सोबत क्लोनाझेपॅम (घबराट लगेच शमवणारी गोळी) दिली असेल तर ती थोड्या दिवसांपुरती. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणू नका. सवय लागते, आणि एकदम सोडली तर घबराट जोरात उसळते, क्वचित फिटही येते.

एरंडोल_थांबा: एसटीचं सांगतो. अटॅक साधारण १० मिनिटांत टोकाला जातो, मग ओसरतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, चक्कर हे त्यानेच. म्हणून शेजारचा 'मोठे मोठे श्वास घे' म्हणतो ते ऐकू नये. नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, ५ मिनिटं. तोंडाला कागदी पिशवी लावू नका, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर धोका आहे.

खरी गडबड पुढे होते. घाबरून वाटेतल्या पाळधीलाच उतरलं की लगेच बरं वाटतं, आणि 'उतरलो म्हणून वाचलो' हे डोक्यात पक्कं बसतं. दुसऱ्या दिवशी पाळधी यायच्या आधीच धडधड. बसून राहिलं तर भीती गाडीतच उतरते. धुळ्यापर्यंत झेपत नसेल तर आधी पाळधी, मग एरंडोल, मग पारोळा. एका टप्प्याचा कंटाळा आला की पुढचा. आधी कोणी सोबत, मग एकटं. दाराजवळचीच सीट, खिशात गोळी, सारखी नाडी बघणं, हे टेकू हळूहळू काढायचे, नाहीतर श्रेय त्यांनाच जातं. पाण्याची बाटली मात्र मे महिन्यात सोडू नका, जळगावचं ऊन वेगळं प्रकरण आहे! अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, चालताना वाढली, तर श्वास मोजत बसू नका. दोन्हीला १०८.

पारोळ्याची_ताई: झाकू नका भाऊ, पण भाषणही नको. 'आजार आहे' एवढंच सांगितलं की मांडवात जो तो सुरू होतो: कोणी कांदा हुंगायला देतं, कोणी चप्पल, कोणी भगताचा नंबर. त्यापेक्षा लोकांना काम सांगा: "मला कधी कधी घबराटीचा झटका येतो. वीसेक मिनिटांत जातो. शेजारी बसा, गर्दी हटवा, तोंडावर पाणी मारू नका." घरातल्या दोघांना आणि कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं. आणि लग्नात चहाचा ट्रे सारखा फिरतो. दोन कपांनंतर नाही म्हणावं, चहानेही धडधड होते.

खान्देशी_भाऊ: भगत सुचवून झालाय, ताई. कंडक्टर रोज बदलतो, त्याचं काय?

पारोळ्याची_ताई: मग पासवाल्यांपैकी रोजच्या एकाला सांगा. आणि तेच वाक्य मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर लिहून ठेवा, ऐन वेळी तोंडाला कोरड पडते, बोलवत नाही.